खेळ चालू असताना बाईंनी काय करायचं?

बालवाडीत सरावाला गेलेल्या छात्राध्यापिकेला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो: मुलं खेळत असताना आपण करायचं काय? गोष्ट सांगायची असली तर टाचण असतं, गाणं घ्यायचं असलं तर हावभाव पाठ असतात. खेळाच्या वेळेला यातलं काहीच नसतं. मुलं कोपऱ्याकोपऱ्यांत रमलेली, मार्गदर्शक बाई दारातून बघतायत आणि आपण मधोमध उभ्या, हाताला काम नाही. मग काहीतरी शिकवतोय असं दिसावं म्हणून आपण जवळच्या मुलापाशी वाकतो आणि विचारतो, "हा कोणता रंग रे बाळा?" मूल "लाल" म्हणतं. त्याची ठोकळ्यांची आगगाडी मात्र तिथेच थांबते, कारण ती लाल आहे यात त्याला काही रस नव्हता. ती पुलाखालून जाते की नाही हे त्याला बघायचं होतं.

मी बालशिक्षण पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, एका बालवाडीत आणि तिला लागून असलेल्या अंगणवाडीत माझा सराव चालू आहे. हे लिहिते आहे ते पुढच्या वर्षी सरावाला निघणाऱ्या मैत्रिणींसाठी, नव्यानं रुजू झालेल्या सेविकाताईंसाठी, आणि ज्यांचं मूल तीन ते सहा वर्षांचं आहे त्या आईबाबांसाठीही. खेळात मोठ्या माणसाचं पहिलं काम बघण्याचं आहे, बोलण्याचं नंतर. आणि हे बघणं आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं.

खेळ कुठला आणि पाठ कुठला

'खेळातून शिक्षण' ही पाटी आता गल्लीतल्या प्रत्येक नर्सरीच्या फ्लेक्सवर दिसते. सरकारी कागदांतही खेळाला मानाचं पान आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर ठरवला, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' हा खेळसाहित्याचा संच आला. वर्गात मात्र बऱ्याचदा वेगळंच चालतं. जमिनीवर कागदी कमळं मांडलेली, प्रत्येक कमळावर एक अक्षर, आणि बाई सांगतात, "आता क वर उडी मारायची!" मूल उडी मारतं, बाकीचे टाळ्या वाजवतात, कुणीतरी फोटो काढतं. हा पाठच आहे, पाय हलवून घेतलेला. वाईट मुळीच नाही. मान खाली घालून गिरवत बसण्यापेक्षा कितीतरी बरा. पण एवढ्यावर 'आमच्याकडे खेळातून शिकवतात' असं म्हणून मोकळं होता येत नाही.

आराखड्यानं स्वतःच तीन प्रकार सांगितले आहेत. मुक्त खेळ, जो मूल सुरू करतं आणि मूलच चालवतं. मार्गदर्शित खेळ, जो मूल चालवतं पण मोठं माणूस सोबतीला असतं. आणि रचनाबद्ध खेळ, जो बाई चालवतात. तिन्ही हवेत. अडचण अशी, की तिसऱ्याचं टाचण काढता येतं, त्याला गुण मिळतात, त्याचा फोटो चांगला येतो. त्यामुळे बघता बघता तोच सगळा वेळ खाऊन टाकतो. आपल्यासमोर चाललंय ते नेमकं काय आहे हे ओळखायचं असेल तर स्वतःला विचारा: मुलाला कंटाळा आला तर उठून जाता येईल का? नियम बदलावासा वाटला तर बदलता येईल का? खेळ कधी संपला हे कोण ठरवतंय? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याचं 'बाई' असं आलं तर तो पाठ समजा आणि पाठासारखाच घ्या, मनात घोळ ठेवू नका. मात्र दिवसाच्या वेळापत्रकात मुक्त खेळाला सलग निदान पाऊण तास राखून ठेवा. तू आई, मी डॉक्टर, नाही मीच डॉक्टर, या वाटाघाटीतच पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. वीस मिनिटांचा तास ठेवला तर खेळ उभा राहतो न राहतो तोच घंटा होते.

तराजूपाशी

बघायचं म्हणजे काय ते एका उदाहरणावरून सांगते. आमच्या बालवाडीत दुकानाचा कोपरा आहे. त्यात नारळाच्या दोन करवंट्या सुतळीनं काठीला बांधून केलेला तराजू, टोपलीत बाटल्यांची झाकणं, थोडे दगड आणि डबाभर चिंचोके. चिंचोके म्हणजे पैसे, हे मुलांनीच ठरवलेलं. साडेचार वर्षांची एक मुलगी दुकानदारीण झाली होती. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "एक किलो टमाटे द्या."

तिनं एका करवंटीत मुठीएवढा दगड ठेवला आणि दुसरीत लाल झाकणं टाकायला सुरुवात केली. झाकणांची करवंटी वरच राहिली. आणखी टाकली, तरी वरच. करवंटी काठोकाठ भरली, झाकणं खाली सांडायला लागली. ती थांबली. एकदा तराजूकडे, एकदा दगडाकडे बघितलं. मग तिनं दगड उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी बोटाच्या पेराएवढा खडा ठेवला. झाकणांची करवंटी झपकन खाली गेली. तिनं झाकणं एकेक करून काढली, काठी आडवी झाली तेव्हा हात थांबवला आणि उरलेली झाकणं गिऱ्हाइकाच्या पदरात, म्हणजे त्याच्या शर्टच्या ओच्यात ओतली. "घ्या किलो."

"एवढेच?" गिऱ्हाईक.

"महाग झालेत."

गिऱ्हाइकानं कुरकुर करत दहा रुपये मोजून दिले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा. सात गळाला, आणि दर आकड्याला चिंचोका पुढे सरकवायचा हेही शेवटी शेवटी सुटलं. बोट धावत होतं, तोंड मागे पडत होतं. दुकानदारिणीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या दोन-तीन मिनिटांत काय काय झालं ते मोजा. जास्त दिसणारं जड असतंच असं नाही, हे तिला हातानं कळलं. एक उपाय चालेना तेव्हा तिनं दुसरी बाजू बदलून पाहिली. ही युक्ती मोठ्यांनाही सहजासहजी सुचत नाही. काठी आडवी होणं म्हणजे 'बरोबर' ही खूण तिनं धरली. बाजारातली भाववाढ तिला ठाऊक आहे आणि ती योग्य जागी वापरताही येते. गिऱ्हाइकाला दहापर्यंतची आकड्यांची ओळ जवळपास येते, पण एक वस्तू–एक आकडा ही सांगड सहाच्या पुढे सुटते.

झाकणं सांडू लागली त्या क्षणी तिथे बसलेल्या कुणालाही तोंड उघडण्याचा मोह झाला असता. "अगं, दगड मोठा आहे ना, छोटा घे." सात शब्दांचं वाक्य. ते बोललं गेलं असतं तर तराजू बरोबर झाला असता, पण शोध तिचा राहिला नसता. या वयाच्या मुलांबरोबर काम करताना गप्प बसण्याला मी पहिल्या क्रमांकाचं कौशल्य मानते, आणि ते मार्गदर्शक बाईंना दिसत नाही, हे त्यातलं दुर्दैव.

वहीत काय लिहायचं

बसायचं कुठे इथपासून सुरुवात करा. खुर्ची नको. चटईच्या कडेला, भिंतीला पाठ लावून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. मोबाईल पिशवीत. हातात खिशात मावेल एवढी वही. सुरुवातीला मुलं येऊन विचारतील, "ताई, काय लिहिता?" खरं सांगायचं: "तुम्ही काय खेळता ते लिहितेय." एखादं मूल म्हणेल, "माझं पण लिहा." लिहा. चार-पाच दिवसांनी तुम्ही भिंतीचाच एक भाग होऊन जाता.

आमच्या बहुतेकींच्या निरीक्षण वह्यांत असली वाक्यं असतात: 'मुलगी हुशार आहे. आनंदाने खेळली. संख्याज्ञान चांगले.' हे वाचून उद्या काय करायचं ते कळत नाही. हा शेरा आहे, नोंद नाही. त्याऐवजी वर सांगितलं तसं लिहा: किती वाजता, कुठे, हातात काय होतं, कोण काय बोललं ते जसंच्या तसं, हात काय करत होते. 'चिंचोके मोजताना ६ नंतर ८. ६ पर्यंत एकेकाला हात लावला, पुढे नाही.' बस. आपलं मत लिहायचंच असेल तर समासात लिहा, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनानं लावलेलं यांची सरमिसळ होत नाही. एका दिवसात सगळ्या मुलांचं लिहायला जाऊ नका. रोज दोन-तीन मुलं ठरवून घ्या. महिन्याभरात सगळ्यांवरून फेरी होते. मुलांची पूर्ण नावं न लिहिता आद्याक्षरं लिहा, कारण वही हातोहात फिरते.

नोंदीचा उपयोग दुसऱ्या दिवशी होतो. त्या गिऱ्हाइकाला समोर बसवून "एक ते दहा म्हण" असं घोकून घेतलं नाही. दुकानात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे ठेवला. एका खळग्यात एकच चिंचोका मावतो, त्यामुळे बोटाला आपोआप लगाम बसतो. दुकानदारिणीसाठी मुठीएवढा स्पंजचा तुकडा आणि छोटीशी लोखंडी नटबोल्टची जोडी टोपलीत टाकली आणि काहीच सांगितलं नाही. मार्गदर्शन म्हणतात ते बऱ्याच वेळा असं वस्तूंमधून करता येतं.

बघताना आणखी एका गोष्टीची मदत होते. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ मध्ये मुलांच्या एकत्र खेळण्याच्या पायऱ्या मांडल्या. मूल एकटं खेळतं, दुसऱ्याचं नुसतं बघत बसतं, दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापलं खेळतं, मग सामानाची देवघेव करतं, आणि पुढे काम वाटून घेऊन एकत्र खेळतं. या पायऱ्या जिन्यासारख्या एकामागून एक चढाव्या लागत नाहीत. मोठं मूलही कधी एकटं खेळतं आणि त्यात काही कमीपणा नाही. पण तीन वर्षांची दोन मुलं एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी वाळूत भोकं पाडतायत, तर "दोघं मिळून खेळा बरं" म्हणण्याची गरज नाही, एवढं यावरून कळतं. त्यांच्या लेखी ती दोघं मिळूनच खेळत असतात.

बोलायचं कधी, आणि कसं

म्हणजे बाईंनी दिवसभर मौनव्रत धरायचं का? तसं नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचा सगळा भर यावर आहे, की मूल एकट्यानं जे करू शकतं आणि जाणत्याच्या आधारानं जे करू शकतं यांच्यामधल्या जागेत शिकणं घडतं. आधार हवाच. तो किती, केव्हा द्यायचा आणि केव्हा काढून घ्यायचा, हा खरा प्रश्न.

धोका दिसला तर क्षणाचाही विचार नको, उठायचंच. चावणं, डोळ्याकडे काठी, तोंडात मणी, यात तत्त्वज्ञान आणू नये. एरवी भांडण झालं तर मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजते. अर्ध्याअधिक भांडणांचा निकाल तेवढ्यात लागतो आणि तो आपण लावला असता त्यापेक्षा बरा असतो.

दुसरी वेळ म्हणजे खेळ अडतो तेव्हा. दवाखाना उघडलाय, डॉक्टर तिघं आणि पेशंट एकही नाही, सगळे एकमेकांकडे बघतायत. अशा वेळी बाहेरून सूचना करण्यापेक्षा आत शिरा. पोट धरून चटईवर बसा: "डॉक्टर, रात्रीपासून पोटात दुखतंय हो, काहीतरी करा!" तिन्ही डॉक्टर तुमच्यावर तुटून पडतील. गाडी सुरू झाली की बरं वाटतंय म्हणून उठून या. आत जाणं सोपं, वेळेवर बाहेर पडणं अवघड. पेशंट होऊन अर्धा तास झोपलेली बाई खेळाची मालकीण होऊन बसते.

तिसरी वेळ कडेला उभ्या असलेल्या मुलाची. त्याला हाताला धरून "याला पण घ्या रे खेळायला" असं सांगितलं तर बाकीचे घेतात, पण पाहुण्यासारखं. त्यापेक्षा त्याला काहीतरी काम घेऊन पाठवा. दुकानात भाजीची गाडी घेऊन येणारा, दवाखान्यात औषधं पोचवणारा. कामाच्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही.

प्रश्न विचारताना एक पथ्य पाळा. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न खेळात विचारू नका. किती आहेत, कुठला रंग, कुठला आकार, ही परीक्षा झाली आणि मुलांना ती लगेच ओळखू येते. त्याऐवजी जे खरोखर ठाऊक नाही ते विचारा: "हा पूल कुणासाठी?" "आता हे पडलं तर काय करणार?" आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेनं शाळेच्या वर्गांत मोजून पाहिलं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि भरीव होत होती. तीन सेकंद किती मोठे असतात ते एकदा वर्गात थांबून बघा.

आमच्याकडे बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात. गाण्याच्या वेळी गप्प बसणारी हीच मुलं भातुकलीत धबधब्यासारखी बोलतात, कारण चुलीपाशी जी भाषा ऐकली तीच तिथे लागते. मेळघाटात कोरकूचं असंच, डहाणूकडे वारलीचं असंच. खेळात मूल ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलू द्या, जमेल तसं तुम्हीही बोला. "नीट बोल" एवढे दोन शब्द कानावर पडले तरी पुढचे काही दिवस ते मूल त्या कोपऱ्यात तोंड उघडत नाही.

शाब्बासकीबद्दलही थोडं. ऊठसूट "व्हेरी गुड" म्हणत राहिलं की मूल कामाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. त्यानं केलं ते नुसतं सांगा: "मोठे ठोकळे खाली लावलेस, म्हणून हलत नाहीये." त्याला तेवढं पुरतं.

सामान: कमी, साधं, सुरक्षित

सामानासाठी पैसे नाहीत ही तक्रार मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. पण आपल्याकडे तिचं उत्तर फार पूर्वी दिलं गेलं आहे. ताराबाई मोडक गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या बालमंदिरात काम करून आलेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. माँटेसरीची घडीव, महागडी साधनं गरिबाच्या वस्तीत चालणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंखशिंपले, पानं, काड्या, बिया, माती यांची साधनं केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला जातं तर कुरणात न्यायची, हेही तिथलंच. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा थर्माकोलची फुलं आणि चकचकीत कागदाची मोरपिसं करण्यात रात्र घालवू नका. ती भिंतीवर छान दिसतात. मुलांना त्यांना हात लावायची बंदी असते.

हात लावता येईल असं ठेवा. माती, पाणी, वाळू, दोऱ्या, डबे, जुन्या ओढण्या, खोकी. ज्या वस्तूचा एकच उपयोग आहे तिच्यापेक्षा जिचे दहा होतात ती बरी. जुनी ओढणी साडी होते, नदी होते, तंबू होतो. एका वेळी थोडंच मांडा आणि आठवड्याला बदला. पाण्यासाठी उंच निमुळती आणि बसकी रुंद अशा दोन्ही बाटल्या ठेवा. तेच पाणी एकीतून दुसरीत ओतून मुलं सांगतील, उंच बाटलीत जास्त आहे. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हेच दाखवलं: साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना असंच दिसतं. त्यांना खोडून काढण्यात अर्थ नाही, ओतू द्या. आणि फडकी मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवा, म्हणजे सांडलेलं पुसणंही त्यांचंच काम होतं.

बिया गोळा करताना मात्र डोळे उघडे ठेवा. गुंजा दिसायला देखण्या, पण जहाल विषारी. एरंडाच्या बिया विषारी. ज्यांनी आपण सगळे लहानपणी खेळलो त्या बिट्ट्या म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया, त्याही विषारी. धोत्र्याचं तर सांगायलाच नको. चिंचोके, सीताफळाच्या बिया, रिठे अशा वस्तू चार वर्षांच्या पुढच्या मुलांना, तेही बाईंच्या डोळ्यांदेखत आणि दिवस संपताना मोजून परत डब्यात. सीताफळाच्या बीचा गर डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून त्या फोडू देऊ नका. तीन वर्षांखालचं मूल सगळं तोंडात घालून बघतं. त्याच्या आसपास मणी, चिंचोके, शेंगदाणे, खेळण्यांतले बटणाएवढे सेल अजिबात नकोत.

दाराशी उभ्या असलेल्या आईसाठी

सुटताना दाराशी प्रश्न येतोच: "आज काय शिकवलं?" शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल पन्नासपर्यंत आकडे लिहितं, आमचं मात्र नुसतं खेळून येतं. यावर भाषण देऊ नका, आईचा जीव तुटतो म्हणून ती विचारते. वही उघडा आणि त्या दिवशीची एक नोंद वाचून दाखवा. तराजूची गोष्ट ऐकून त्या मुलीचे वडील, जे स्वतः आडतीवर काम करतात, तिथेच हसायला लागले आणि म्हणाले, "माझ्या वरची आहे."

लिहिण्याचं विचारतील तर सांगा: पेन्सिल धरायला मनगटात आणि तीन बोटांत जोर लागतो, आणि तो माती मळून, कणकेच्या गोळ्या वळून, मणी ओवून, कागद फाडून, कपड्यांचे चिमटे लावून येतो. घरी करायचं असेल तर हेच करा. मटार सोलायला बसवा, पोळीचा छोटा गोळा हातात द्या, धुतलेले मोजे जोडीजोडीनं लावायला सांगा. गिरवायच्या वह्या थोड्या उशिरा आल्या तर काही बिघडत नाही.

एखादी आजी म्हणते, "मुलगा असून भातुकली काय खेळतो?" वाद घालू नका. "कालची भाकरी त्यानं एवढी गोल थापली होती, तुमचं बघूनच शिकला असेल," एवढं म्हणून बघा.

नोंदींमुळे आणखी एक गोष्ट वेळेवर कळते. एखादं मूल नवीन असल्यामुळे पंधरा दिवस नुसतं बघत बसलं तर चिंता नाही. पण आठवड्यांमागून आठवडे ते कुणाकडे बघत नाही, हाकेला ओ देत नाही, वस्तू नुसती गरगर फिरवतं, येत होते ते शब्दही गळू लागलेत, असं दिसलं तर स्वतः निदान करत बसू नका आणि 'येईल हळूहळू' म्हणून सोडूनही देऊ नका. मार्गदर्शक बाईंना आणि सेविकाताईंना नोंदी दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्याची वाट बघत बसण्यापेक्षा पालकांना सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगता येतं. डॉक्टरांपुढे 'मूल विचित्र वागतं' यापेक्षा तारीखवार पाच नोंदी ठेवल्या तर त्यांचं काम सोपं होतं.

शेवटी एक मागणी, आम्हाला शिकवणाऱ्या महाविद्यालयांकडे आणि वर्गांकडे. सरावाच्या गुणांमध्ये पाठ टाचणाला गुण आहेत, साधनांच्या सजावटीला आहेत, गाण्याच्या सादरीकरणालाही आहेत. खेळ चालू असताना छात्राध्यापिका काय बघते, काय लिहिते आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी काय बदलते, याला त्यांच्या बरोबरीनं गुण द्या. परीक्षक येतील तेव्हा तिला एकही पाठ न घेता अर्धा तास चटईच्या कडेला बसू द्या, आणि मग तिची वही तपासा.